हमद पोर्ट: धक्क्यापर्यंत पोचलेले संशोधन

बंदराचा इतिहास म्हटला की खर्च, खोली आणि उद्घाटनाची तारीख हे तीन आकडे आधी पुढे येतात. हमद पोर्टच्या बाबतीत ते नोंदवण्याजोगे आहेतच. दोह्याचे जुने बंदर शहराला चिकटलेले आणि उथळ होते; मोठ्या कंटेनर जहाजांना तिथे शिरकाव नव्हता. म्हणून राजधानीच्या दक्षिणेला, वकरा आणि मसाईद यांच्या मधल्या उम्म अल हौलच्या किनाऱ्यावर २०१० मध्ये नव्या बंदराचे काम सुरू झाले. खर्च सुमारे ७४० कोटी डॉलर. समुद्रात भराव घालण्यापेक्षा किनाऱ्यावरची जमीन खोदून सुमारे ४ किलोमीटर लांब, ७०० मीटर रुंद आणि १७ मीटरपर्यंत खोल गोदी तयार केली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये व्यापारी वाहतूक सुरू झाली आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी अमीर शेख तमीम बिन हमद अल थानी यांनी बंदराचे औपचारिक उद्घाटन केले. एवढ्यावर इतिहास संपवला तर तो खरा असेल, पण अर्धा असेल. कारण कोणतेही आधुनिक बंदर काँक्रीट आणि क्रेन यांच्याइतकेच नियमांवर उभे असते, आणि त्या नियमांतले बरेचसे कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत, रुग्णालयात किंवा संशोधन नौकेवर जन्मलेले असतात. हमद पोर्टचा इतिहास या बाजूने वाचला तर एक गोष्ट स्पष्ट होते. निबंध छापून आल्याने लोकांचा प्रश्न सुटत नाही. त्या निबंधातला आकडा मोजायला आणि तो ओलांडला की काम थांबवायला कोणीतरी बांधील झाले, तर तो सुटू लागतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. हे बंदर संशोधनाने नव्हे, नैसर्गिक वायूच्या पैशाने आणि राजकारणाने घडले, असे कोणीही म्हणेल. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. तोवर कतारचा बराचसा कंटेनर माल दुबईच्या जेबेल अली बंदरातून फिरून येत असे. तो रस्ता बंद झाला आणि सौदीची जमिनीवरची सीमाही बंद झाली. अशा वेळी मोठी जहाजे थेट लावून घेणारे स्वतःचे बंदर हाताशी असणे हा देशाच्या अन्नधान्याचाच प्रश्न होता. ओमानच्या सोहार आणि सलाला या बंदरांकडे वाहतूक वळली आणि त्याच महिन्यात भारतातल्या मुंद्रा व न्हावा शेवा या बंदरांना हमद पोर्टशी जोडणारी थेट सेवा सुरू झाली. उरणच्या खाडीतून निघालेला कंटेनर दुबईत न उतरता उम्म अल हौलला उतरू लागला. हे सगळे राजकारणाने घडवले, यात वाद नाही. पण पैसा आणि संकट बंदर उभे करतात. ते बंदर माणसांना आणि समुद्राला अपाय न करता कसे चालवायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. ते उत्तर दुसरीकडून येते, आणि त्याची सर्वांत जुनी साखळी मराठी वाचकाला ओळखीच्या गावापासून सुरू होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीलगतच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. तीच आजची हाफकिन संस्था. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी, आणि त्यानंतरच्या दशकात मुंबईत ग्लेन लिस्टन व प्लेग संशोधन आयोगाने, उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू यांच्याकडे बोट दाखवले. एवढे कळल्यावर बंदरातली कृती बदलली. १९२६ च्या आंतरराष्ट्रीय स्वच्छता करारानंतर जहाजांना ठराविक मुदतीने उंदीरनाशाचा दाखला घेणे भाग पडले. २००७ पासून, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार, त्याची जागा जहाज स्वच्छतेच्या दाखल्याने घेतली. त्याची मुदत सहा महिन्यांची. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या दोरखंडांवर उंदीर अडवणाऱ्या पत्र्याच्या गोल चकत्या बसवण्याची जगभरची पद्धत आहे. हमद पोर्टवर पाय ठेवणाऱ्या खलाशाला त्यांत परळची प्रयोगशाळा दिसणार नाही, पण ती तिथे आहे.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९७ च्या वसंतात पुण्यात प्लेगच्या नावाने घराघरांत सोल्जर शिरले, सामान रस्त्यावर फेकले गेले, माणसे ओढून नेली गेली. नियम होता आणि सक्तीही होती. पिसूचे ज्ञान मात्र अजून कोणाकडे नव्हते, आणि ज्यांच्या घरात शिरायचे त्यांचा विश्वास तर मुळीच नव्हता. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर या मोहिमेचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. संशोधन नियमात उतरले की काम झाले, असे म्हणताना पुण्याचा हा धडा विसरता येत नाही. नियमाला ज्ञानाचा आधार लागतो आणि ज्याच्यावर तो लागू होतो त्याची संमती लागते. या दोन्हींपैकी एक नसेल तर नियमाचा जुलूम होतो. हमद पोर्टच्या इतिहासातले पुढचे प्रसंग याच कसोटीवर तपासावे लागतील.

पहिला प्रसंग समुद्राचा. आखाताचे पाणी उन्हाळ्यात ३५ अंश सेल्सियसच्या आसपास तापते आणि त्याचा खारटपणा मोकळ्या महासागरापेक्षा बराच जास्त असतो. इथली प्रवाळे आधीच सहनशक्तीच्या काठावर जगतात. १९९६ आणि १९९८ च्या उष्ण उन्हाळ्यांत त्यांतली मोठी संख्या पांढरी पडून मेली. १९८३ च्या नौरूझ तेलगळतीनंतर आखातात हवाई पाहण्या झाल्या, तेव्हा १९८६ मध्ये कतार आणि बहरीन यांच्या दरम्यान ६०० हून अधिक समुद्रगाईंचा एकच कळप दिसला. समुद्रगाय जगते सागरी गवतावर, आणि उथळ किनाऱ्याचा तळ खणला की आधी तेच गवत जाते. हे ज्ञान साठत होते त्याच काळात कतारची स्वतःची विद्यापीठीय परंपराही आकार घेत होती. १९७३ मध्ये शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयाने सुरुवात झाली, १९७७ मध्ये विद्यापीठ झाले, १९८० मध्ये शास्त्रीय व उपयोजित संशोधनाचे केंद्र निघाले. पुढे पर्यावरण विज्ञान केंद्र आले आणि त्याच्यासाठी ‘जनान’ ही संशोधन नौकाही आली. २००६ मध्ये कतार राष्ट्रीय संशोधन निधी स्थापन झाल्यावर अशा कामाला देशातच पैसा मिळू लागला. त्यामुळे नव्या बंदराची जागा ठरली तेव्हा तो किनारा कोरा नाही, तिथे तिवरांची झाडी, सागरी गवत आणि प्रवाळ आहे, याकडे डोळेझाक करणे सोपे राहिले नव्हते. या तिन्हींचे दुसरीकडे स्थलांतर हा बंदर प्रकल्पाचाच भाग झाला.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. स्थलांतर केलेले प्रवाळ म्हणजे वाचवलेली परिसंस्था नव्हे; एवढी मोठी गोदी खोदून नंतर काही झाडे हलवणे ही मनाची समजूत आहे, असे पर्यावरणाचे अभ्यासक म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. रायगडच्या किनाऱ्यावर न्हावा शेवा बंदराच्या वाढीबरोबर कांदळवनांचे आणि मासेमारीचे काय झाले, हे उरणच्या कोळ्यांना कोणी शिकवायला नको. परंतु या आक्षेपाने संशोधनाचा उपयोग खोटा पडत नाही. ते अपुरे वापरले गेले, एवढेच ठरते. आधीची मोजणी नसती तर हानी किती झाली हे म्हणण्यालाही आधार राहिला नसता. तिवरे हलवली हे यश मोजण्याचे माप नव्हे. ती दहा आणि वीस वर्षांनी जगली का, त्यांच्या मुळांत पुन्हा कोळंबी आणि खेकडे आले का, हे मोजत राहणे आणि ते आकडे उघड करणे हे खरे माप आहे.

समुद्राचा दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यात संशोधनापासून नियमापर्यंतचा रस्ता पायरीपायरीने दिसतो. रिकामे किंवा अर्धे भरलेले जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी घेते आणि दुसऱ्या बंदरात ते सोडते. या बॅलास्टच्या पाण्यातून अळ्या, शेवाळे आणि जिवाणू प्रवास करतात. १९८० च्या दशकात अशाच एका जेलीसारख्या प्राण्याने काळ्या समुद्रातली मासेमारी कोलमडवली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या मोबिल उपसागरात लॅटिन अमेरिकेतून आलेल्या जहाजांच्या बॅलास्टमध्ये कॉलऱ्याचे जिवाणू सापडले. मूळचा कॅरिबियन भागातला एक शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही आला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००० मध्ये या प्रश्नावर जगातली सहा बंदरे अभ्यासासाठी निवडली, त्यांत मुंबई होती. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि न्हावा शेवा इथल्या पाण्याची, गाळाची आणि खांबांना चिकटलेल्या जीवांची पायाभूत पाहणी केली. नवा जीव आला असे म्हणण्यासाठी जुने जीव कोणते होते हे आधी माहीत हवे; तेवढ्यासाठी ही पाहणी.

या अभ्यासांतून २००४ चा बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात केवळ सदिच्छा नाहीत, आकडे आहेत: सोडलेल्या १ घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी असावेत, आणि कॉलऱ्याच्या विषारी जिवाणूंच्या वसाहती १०० मिलिलिटरमध्ये १ पेक्षा कमी. आखाती देशांनी तर करार अमलात येण्याची वाट न पाहता १ नोव्हेंबर २००९ पासून बाहेरून येणाऱ्या जहाजांना खोल समुद्रातच बॅलास्ट बदलून येणे बंधनकारक केले होते. म्हणजे हमद पोर्टचा पहिला खांब उभा राहण्याआधी हा नियम तयार होता. आंतरराष्ट्रीय करार प्रत्यक्ष लागू झाला तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी, बंदराच्या औपचारिक उद्घाटनानंतर तीन दिवसांनी. करार होऊन अमलात यायला १३ वर्षे लागली. संशोधन फार सावकाश फळते, ही तक्रार इथे खरी ठरते. पण ही १३ वर्षे प्रयोगशाळेने घेतली नाहीत. ती पुरेशा सरकारांच्या सह्या जमण्यात गेली. उशिराचा हिशेब मांडताना तो कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे नीट पाहिले पाहिजे.

माणसांच्या बाबतीत सर्वांत बोलका प्रसंग उष्णतेचा आहे. धक्क्यावरचे लॅशिंग (कंटेनर घट्ट बांधणे), यार्डातली देखभाल, बांधकाम हे सगळे उघड्यावरचे काम. कतारमध्ये २००७ पासून उन्हाळी दुपारची विश्रांती कायद्याने होती: १५ जून ते ३१ ऑगस्ट, साडेअकरा ते तीन. हा नियम घड्याळावर चालणारा होता. पण शरीराला घड्याळ कळत नाही. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. किनाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात संध्याकाळीही तीच स्थिती असते. हे मोजण्याचे माप १९५० च्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या पॅरिस आयलंड इथल्या प्रशिक्षण तळावर तयार झाले होते. ओल्या फडक्यातल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला १० टक्के वजन देऊन काढलेला हा उष्णता निर्देशांक. २०१९ मध्ये कतारचे श्रम मंत्रालय, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि ग्रीसच्या थेसाली विद्यापीठाची प्रयोगशाळा यांनी बांधकामावर आणि शेतावर काम करणाऱ्यांचा प्रत्यक्ष पाळीतच अभ्यास केला. काही कामगारांच्या शरीराचे आतले तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत चढत होते. त्याच वर्षी ‘कार्डिऑलॉजी’ या नियतकालिकात नेपाळी कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास आला: २००९ ते २०१७ या काळात हृदयविकाराने झालेल्या ५७१ मृत्यूंपैकी २०० पर्यंत मृत्यू उष्णतेपासून पुरेसे संरक्षण असते तर टळू शकले असते, असा त्याचा अंदाज होता.

मे २०२१ च्या मंत्रालयीन निर्णयाने बंदी १ जून ते १५ सप्टेंबर आणि सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी वाढवली. त्याहून महत्त्वाचे असे की निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला तर घड्याळात काहीही वाजले असोत, उघड्यावरचे काम थांबले पाहिजे, असे ठरले. कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी आणि त्यांच्यासह धोक्याचे मूल्यमापन करणेही मालकावर आले. कतार रेड क्रिसेंटच्या चार दवाखान्यांत उन्हाळ्यात उष्णतेच्या त्रासाने आलेले रुग्ण २०२० मध्ये १,५२०, २०२१ मध्ये ६२० आणि २०२२ मध्ये ३५१ होते. हे आकडे काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. दवाखान्यात न पोचलेला कामगार त्यांत नाही. रजा कापली जाईल म्हणून चक्कर लपवणाराही नाही. आणि प्रत्येक उन्हाळा सारखा तापत नाही. तेवढे वजा केले तरी उतार एका दिशेचा आहे आणि नियमाच्या तारखेशी जुळणारा आहे. हा नियम दहा वर्षे आधी यायला हवा होता, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर नाही. उष्णता निर्देशांकाचे ज्ञान साठ वर्षे जुने होते. ते वापरण्याची सक्ती नव्हती, म्हणून ते कागदावर राहिले.

तंत्रज्ञानावर भिस्त ठेवणारे विचारतील की नियमांपेक्षा साधने का वाढवू नयेत. कतार विद्यापीठाच्या अभियंत्यांनी सौरऊर्जेवर चालणारे, डोके थंड ठेवणारे हेल्मेट २०१६ मध्ये पुढे आणले; त्यानंतर फुटबॉल विश्वचषकाच्या बांधकामांवर थंडावा देणारे कामाचे कपडेही वापरले गेले. ही कामे खऱ्या गरजेतून झाली आणि ती चालू राहिली पाहिजेत. पण साधन ज्याला मिळते त्याच्यापुरते असते. नियम कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, निदान कायद्याच्या भाषेत तरी. शिवाय थंड हेल्मेट घालून अधिक वेळ उन्हात काम करून घेण्याचा मोह मालकाला होऊ शकतो. थांबवण्याचा आकडा मात्र त्या मोहाला आडवा येतो. कोविडच्या काळातही हेच दिसले. २०२० च्या उन्हाळ्यात वाइल कॉर्नेल मेडिसिनच्या दोह्यातल्या शाखेतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या रक्तचाचण्यांत अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. एका खोलीत अनेकांनी राहण्याचा हा परिणाम होता, आणि त्यावर कोणतेही यंत्र उपाय नव्हते. खोलीत किती माणसे राहावीत हा नियमाचा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या निरीक्षकाचा प्रश्न होता.

शेवटचा आक्षेप हा की हे संशोधन बहुतेक बाहेरच्यांनी केले. उष्णतेचा अभ्यास ग्रीसच्या विद्यापीठाने केला, निर्देशांक अमेरिकेतून आला, प्लेगची लस ओदेसाच्या माणसाने बनवली. मग त्यात बंदराच्या मालकीचे काय? ज्ञान कुठून आले याला फारसे महत्त्व नाही; ते इथल्या परिस्थितीत तपासले गेले का, याला आहे. २०१५ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये पाल आणि एल्ताहिर यांनी दाखवले की हरितवायूंचे उत्सर्जन असेच राहिले तर शतकाच्या अखेरीस दोह्यासह आखाताच्या काही शहरांत उष्णता आणि दमटपणा यांचा मेळ कधीकधी माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा गाठेल. तेव्हा ३२.१ हा आकडा पुरेल का, रात्रपाळी कितपत सुरक्षित असेल, ही उत्तरे बाहेरून आयात करता येणार नाहीत. ती धक्क्यावरच्या नोंदींतून, म्हणजे कोणत्या तासाला निर्देशांक किती होता, काम कधी थांबले, कोणाला चक्कर आली, यांतून काढावी लागतील. नागपूरने २०१६ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला तो अहमदाबादच्या अनुभवावर, पण पुढे आकडे नागपूरचेच लागले.

हमद पोर्टचा इतिहास म्हणून या बंदराच्या खात्यावर दोन्ही नोंदी कराव्या लागतात. गोदी खोदताना समुद्राचे काय होते याची मोजणी करण्याइतके ज्ञान हाताशी होते आणि काही अंशी ते वापरले गेले. बॅलास्टचा आणि जहाज स्वच्छतेचा नियम इथे पहिल्या दिवसापासून होता. उन्हाचा नियम मात्र बंदर बांधून झाल्यानंतर आला, आणि ज्यांनी ते बांधले त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. पुढची मागणी साधी आहे. बंदराने उष्णतेच्या, पाण्याच्या आणि लावलेल्या तिवरांच्या नोंदी दरवर्षी विद्यापीठाला द्याव्यात आणि त्या प्रसिद्ध कराव्यात. या धक्क्यावर काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांनी, पर्यवेक्षकांनी आणि खलाशांनी आपल्या पाळीतली नोंद चोख ठेवावी आणि निर्देशांकाचा आकडा वर गेला की काम थांबवण्याचा अधिकार न कचरता वापरावा.